पोटातली वस्ती

रिक्षा सक्करदऱ्याच्या चौकात वळत होती तेव्हा गिरूनं तिच्याकडे पाहिलं. झालं ते एवढंच. सायकलरिक्षाचा टप उन्हानं तापला होता, रिक्षावाला पायडलवर उभा राहून जोर लावत होता, ताराच्या मांडीवर भाजीची पिशवी होती आणि पिशवीच्या पलीकडे तिचा सहा वर्षांचा मुलगा नेहमीसारखा मान वाकडी करून चाकाच्या आऱ्यांकडे बघत बसला होता. मग तिच्या हनुवटीला काहीतरी ओलसर, गरम लागलं. त्याचा हात. त्या हातानं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि तो पाहू लागला. कुंकवाकडे नाही, कानातल्या कुड्यांकडे नाही, तिच्या खांद्यावरून मागे दिसणाऱ्या कशाकडे नाही, सरळ डोळ्यांत. ताराला आनंद व्हायला हवा होता. याच एका गोष्टीसाठी तिनं किती सोमवार केले होते, किती देवळांच्या पायऱ्यांवर डोकं टेकलं होतं. पण वाटली ती भीती. ज्या घराला कुलूप आहे असं आपण रोज जाता-येता पाहतो, त्याच्या खिडकीत एकदम कोणी उभं दिसावं तशी. “बाई, उतरता ना?” रिक्षावाला म्हणाला. नंदनवन आलं होतं, त्यांच्या क्वार्टरची निळी फाटकं दिसत होती. आणि गिरूचा हात अजून तिच्या हनुवटीवर होता.

गिरिधर हे नाव तिनंच ठेवलं होतं. तो पोटात असताना ती रोज संध्याकाळी राममंदिरात भैय्याजीबुवांच्या कीर्तनाला जायची, आणि बुवांनी गोवर्धनाचं आख्यान लावलेल्या आठवड्यात हा पोटात पहिल्यांदा हलला. चिपळ्या वाजल्या की आतून लाथ बसायची. सासूबाई, पार्वतीबाई, हसायच्या. “बाप्पा, पोट्टा ताल धरून राहिला वं,” म्हणायच्या. मग तो जन्मला, मोठा झाला, चालला, आणि हळूहळू सगळ्यांना कळत गेलं की कुठल्याच हाकेला तो वळत नाही. डब्याचं झाकण फरशीवर फिरवत बसायचा. पंखा बंद केला तर भिंतीवर डोकं आपटायचा. हात भाजला तरी रडायचा नाही. त्याचं पोट मात्र कायम तट्ट फुगलेलं, आणि शौचाला होणारं सगळं इतकं घाण वासाचं की विश्वनाथ, तिचा नवरा, एवढा सोशिक माणूस, तोही अंगणात निघून जायचा. कधीकधी गिरू पलंगाच्या काठावर पोट दाबून उलटा लटकायचा, तासन् तास. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे दोन मिनिटं पाहिलं, मग ताराकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि विश्वनाथला इंग्रजीत काही सांगितलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाले? तो चपला घालत म्हणाला, काही नाही. स्कूटर स्टँडपाशी पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आईची माया मिळाली नाही की पोरं अशी मिटतात म्हणे. जाऊ दे. त्या डॉक्टरले काय समजते.” जाऊ दे म्हणणं सोपं होतं. त्या दिवसापासून गिरूला जवळ घेताना तिचे हात आपोआप स्वतःकडे पाहू लागले. हे पुरतंय का? घट्ट झालं का? सैल झालं का? अशा मायेला माया तरी कसं म्हणायचं.

ते रिक्षातलं पाहणं टिकलं ते औषध टिकलं तोवर. गिरूला आव पडली होती आणि नंदनवनातच दवाखाना असलेल्या डॉक्टर जया मेश्राम यांनी केळ्याच्या वासाचं एक पातळ औषध दिलं होतं. त्या औषधाच्या दिवसांत त्याचं पोट बसलं, झोप आली, आणि तो बघू लागला. हाक मारली की वळायचा. औषध संपलं, आव कधीच गेली होती, म्हणून कोणी दुसरी बाटली आणली नाही. आणि मग अंगणातलं ऊन भिंतीवर वर वर सरकत जावं तशी ती नजर तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेली. कपाळावर, केसांवर, आणि एका सकाळी पंख्यावर. ताराला दोन्हींची सांगड घालायला जरा वेळ लागला. घातली तेव्हा ती स्वयंपाक टाकून, हाताला कणीक तशीच, दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी हसण्यावारी नेलं नाही. बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीतून उठून त्यांनी दार लोटून घेतलं. “ताई, मी सांगते ते वेदवाक्य समजू नका. आपल्या पोटात जंतूंची वस्ती असते. तुमच्या, माझ्या, बाहेर खोकतोय त्या म्हाताऱ्याच्या. काही जंतू अन्न पचवायला मदत करतात, काही नुसते राहतात, काही खोड्या काढतात. गिरूच्या पोटातले काही जण एखादं विष तयार करत असतील, आणि ते रक्तातून डोक्यापर्यंत पोचत असेल. औषधानं ते दबले म्हणून हा मोकळा झाला. असेल म्हणते मी. पुस्तकात असं लिहिलेलं नाही. कन्हानची एक मुलगी होती माझ्याकडे, तिचंही असंच झालं होतं. औषध थांबलं आणि होती तशी झाली.”

“म्हणजे माझं काही नाही?”

“तुमचं काय?”

“मायेचं.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “कोण म्हणालं तुम्हाला असं?” मग उत्तराची वाट न बघता त्या म्हणाल्या, “मायेनं जंतू मरत नाहीत, ताई. आणि होतही नाहीत.”

ताराला तिथंच रडू आलं. कोणीतरी तिच्या पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं होतं. डॉक्टरबाईंना काय करावं सुचलं नसावं, म्हणून त्यांनी तिला टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. गिरूच्या शौचाची काच त्यात लावलेली होती. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एक फिकट गोल उजेड, आणि त्या उजेडात ते. काड्या, ठिपके, स्वल्पविराम. काही थांबलेले, काही थरथरत एकीकडून दुसरीकडे निघालेले, जणू बाजार उठला आहे आणि ज्याला त्याला आपलं घर माहीत आहे. “हे सगळे त्याचे?” तिनं विचारलं. “त्याचे म्हणा,” डॉक्टरबाई हलकं करायला म्हणाल्या, “नाहीतर तो त्यांचा म्हणा.” तारा हसली. पण घरी येताना पानठेल्यापाशी ते वाक्य पुन्हा आठवलं आणि ती चालता चालता थांबली. आजवर आपण ज्याला भरवलं, ज्याच्यासाठी जागलो, ज्यानं भिंतीवर डोकं आपटलं, तो कोण होता?

त्या संध्याकाळी ती कीर्तनाला गेली. जावंसं वाटलं की जायचं, हे लहानपणापासूनचं. कीर्तन म्हणजे तिच्यासाठी देवाकडे जाण्याची वाट होतीच, पण त्याहून आधी ते एक घर होतं. बुक्क्याचा वास, पेटीचा सूर, बुवांचा उपरण्याला हात घालून एकदम थांबणं आणि त्या थांबण्यात सगळ्या बायकांनी श्वास धरणं. इथं तिला कधी एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी बुवा ‘मी’ या शब्दावर बोलत होते. “मी जेवलो म्हणता. कोण जेवलं हो? चव जिभेनं घेतली. चावलं दातांनी. पचवलं पोटानं. तुम्ही कुठं होता तेव्हा? पाटावर? पाटावर तर धोतर होतं!” मंडळी हसली. झांजवाला हसताना ठेका चुकला. तारा हसली नाही. पुढे बुवा जीवजंतूंविषयी म्हणाले, की कुठल्याही जीवजंतूला आपलं म्हणा, त्याच्यात तोच आहे, आणि जंतू हा शब्द बुवांच्या तोंडी किती मऊ होता, मुंगीला साखर घालण्यासारखा. डॉक्टरबाईंच्या तोंडी तोच शब्द मारायचा होता. इतकी वर्षं कानावर पडत आलेला शब्द तिला आता चिमटीत धरता येईना. देवळात दाटीनं बसलेल्या बायका, मांडीला मांडी लावून, डोलणाऱ्या, एका सुरात नाम घेणाऱ्या, आणि तिला वाटलं, वरून कोणी उजेडाच्या गोल भोकातून बघत असेल तर आपणही अशाच दिसत असू. तिचे हात टाळ्या वाजवत राहिले.

डॉक्टरबाईंनी फार आढेवेढे घेऊन ते औषध पुन्हा दिलं. एकदाच, म्हणाल्या, कारण या औषधानं बरे-वाईट सगळेच मरतात, आणि वस्ती उठली की तिथं कोण येऊन बसेल सांगता येत नाही. आणि गिरू परत आला. या वेळी जास्तच आला. पार्वतीबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांच्या मांडीवर हात ठेवून तो म्हणाला, “जी.” पार्वतीबाईंनी सूप टाकलं. “आजी म्हटलं वं पोट्ट्यानं! तारे, आयकलं का? मले आजी म्हटलं!” त्या गल्लीभर सांगून आल्या. विश्वनाथ ऑफिसातून येताना संत्र्याची बर्फी घेऊन आला आणि म्हणाला, “माह्या पोरानं पहिले आजीलेच हाक मारली. वशिला पाहून मारली.” तारा सगळ्यांबरोबर हसली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. आपल्याला का नाही, असा विचार आला त्याची लाज वाटून. पण दुसरंही काही होतं, जे ती कोणाजवळ बोलली नाही. हा बघणारा गिरू घाबरायचा. पालीला, शिट्टीला, फाटकाच्या आवाजाला. ती नुसती अंगणात गेली तरी किंचाळायचा. आणि काही वेळा तो घरातल्या एकेका वस्तूकडे, एकेका माणसाकडे असा निरखून बघायचा की वाटावं, याला दुसरीकडून कुठून तरी इथं आणून सोडलं आहे आणि तो विचारतो आहे, काहून आणलं?

बाटली संपली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबायचं. नजर पुन्हा सरकू लागली. या वेळी ताराला तिचा एकेक बोट सरकणं दिसत होतं, आणि ती त्याच्या तोंडासमोर आपलं तोंड नेत राहायची, तो वळला की वळून, तो वर बघू लागला की टाचा उंचावून. एका सकाळी पार्वतीबाई म्हणाल्या, “दोन दिस झाले, मले जी म्हणत नाही पोट्टा. काय म्हणते तुही डॉक्टरीन?”

“पोटातले जंतू परत आले म्हणे, आई.”

“जंत?”

“जंतू.”

“तेच तं म्हणून राहिली मी. जंत हायेत तं सांगाले काय झालं होतं? मी का मेली होती? विश्वनाथ एवढाच होता तवा उमरेडले, दात खाये झोपेत. इरंडीचं तेल देल्लं, हातभर लांब पडले!”

“तसे नव्हेत, आई,” तारा म्हणाली, आणि पुढे सांगायला तोंड उघडलं. पण कुठून सुरू करायचं? काच, गोल उजेड, ठिपके? ती इतकी थकली होती की हसली फक्त. पार्वतीबाईंनी ते हसणं होकार म्हणून घेतलं. जंत डोळ्यांनी दिसतात, वळवळतात, एरंडेलानं पडतात आणि पोर बरं होतं, हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं. शेवटचा ऊकार त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता.

मे महिना होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मंदिरात सप्ताह बसला होता आणि सकाळच्या कीर्तनाला तारा गेली, कारण पार्वतीबाईच म्हणाल्या, “जाय वं तू, पोराले मी पायतो.” तिला जरा नवलच वाटलं होतं, आणि बरंही. डोक्यावर पदर घट्ट ओढून ती दुपारी परत आली तेव्हा फाटकातच वास आला. आत खसचा कूलर घरघरत होता, खिडक्यांना ओले पडदे, आणि मोरीत पार्वतीबाई चादरी आपटत होत्या, घामानं निथळत, पण चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचा थकवा. “पाण्यासारखं होऊन राहिलं सकाळपासून. पण जंत काही दिसला नाही अजून. म्हून आणखी दोन चमचे तेल देल्लं. आता सारं निघते बघ.”

गिरू चटईवर पडला होता. त्याचं फुगलेलं पोट आत गेलं होतं, ओठांवर पांढरी साय धरली होती, डोळे खोल. आणि ते डोळे तिच्यावर होते. ती दारात होती तेव्हापासून तिच्यावर होते. तारा गुडघ्यांवर बसली. असं त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. रिक्षात नाही, दुसऱ्या बाटलीच्या दिवसांत नाही. मध्ये काही नव्हतं. पडदा नव्हता, भिंत नव्हती, कोणीही नव्हतं. तो एकटा होता, आणि तिला ओळखत होता. त्याचे ओठ हलले. “आई,” तो म्हणाला.

आणि तारा बसून राहिली. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला विचारणार होती की किती वेळ, आणि उत्तर सापडणार नव्हतं. कूलरचं पाणी टपटपत होतं. मोरीत चादर आपटल्याचा आवाज येत होता. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि तिच्या मनात एक विचार अगदी शांतपणे, पाहुण्यासारखा, येऊन बसला होता: रिकामा झाला म्हणून आला. सगळे गेले, म्हणून हा उरला. अजून थोडं निघालं तर अजून थोडा येईल. तिनं हात पुढे करून त्याच्या पोटावर ठेवला, जसा देवाच्या पायावर ठेवावा. मग बोटं मिटत उचलला. जिथं तिच्या बोटांनी कातडी ओढली गेली होती तिथं ती तशीच उभी राहिली. धोतराच्या निरीसारखी. खाली बसेना.

मग ती ओरडली असावी, कारण पार्वतीबाई धावत आल्या. तिनं पोराला उचललं, अनवाणी, पदर न घेता, त्या उन्हात दवाखान्याकडे धावली, आणि त्याचं वजन हातांना लागतच नव्हतं.

डॉक्टरबाईंना शीर सापडायला वेळ लागला. त्यांनी सलाईनची बाटली टांगली, टोचलं, पुन्हा टोचलं, आणि मग थेंब पडू लागले. सगळं कळल्यावर त्या मागोमाग आलेल्या पार्वतीबाईंकडे वळल्या. “आजी, जंत नव्हते हो. जंतू होते. जंतू!”

पार्वतीबाई भिंतीशी उकिडव्या बसल्या होत्या. ओल्या लुगड्याचा बोळा तोंडाशी धरून. “मले अडाणीले काय ठाव बाई,” त्या म्हणाल्या, “एका उकारानं पोर जाते म्हून.” आणि मग जोरानं, जणू कोणी नाकारलं होतं: “मले जी म्हटलं होतं त्यानं!”

ताराला सासूवर राग आला नव्हता. राग यायला माणूस दुसऱ्या बाजूला उभं असावं लागतं. पार्वतीबाईंनी न जाणता दिलं होतं. आपण जाणून बसून राहिलो होतो.

गिरू वाचला. रात्रीतून डोळे वर आले, कातडी पुन्हा अंगाला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उशीला टेकून बसला होता आणि अजूनही बघत होता, ताराकडे, विश्वनाथकडे, खिडकीतल्या चिमणीकडे आणि पुन्हा ताराकडे. विश्वनाथ एका बाजूला जाऊन रडला. डॉक्टरबाईंनी नाडी बघितली आणि ताराला बाहेर व्हरांड्यात नेलं. “आता ते औषध नाही. दुकानातून आणाल तर स्वतःच्या हातानं माराल त्याला. आतडं धुऊन निघालंय. ताज्या दह्याचा भात द्या, मऊ, थोडा थोडा. दह्यात चांगले जंतू असतात. वस्ती परत बसू द्या. तिच्याशिवाय हा जगणार नाही.”

“आणि मग तो…”

“मला ठाऊक नाही, ताई.”

“परत जाईल?”

डॉक्टरबाई रस्त्याकडे वळल्या. “कन्हानची परत गेली,” त्या म्हणाल्या.

दही घरचं होतं, पार्वतीबाईंनी लावलेलं, गोड. तारानं भात बोटांनी अगदी मऊ कुस्करला, दही घातलं, मीठ घातलं, आणि वाटी घेऊन त्याच्यासमोर बसली. दुपार होती. त्याला घरी आणलं होतं. गिरू तिच्याकडे पाहत होता. तिनं चमचा भरला, आणि तो चमचा वाटी आणि तोंड यांच्यामध्ये थांबला. पांढरा, थंड, निर्दोष दिसणारा घास. तिनं त्यात बघितलं आणि तिला ते दिसले. दिसणं शक्य नव्हतं, तरी दिसले. काड्या, ठिपके, आपलं घर शोधत निघालेले. आज भात नको म्हणता येईल. नुसत्या मीठसाखरेच्या पाण्यावर आजचा दिवस निघेल. आजचा एक दिवस. मग उद्या बघू. हा विचार नवा नव्हता. काल चटईपाशी येऊन बसला होता तोच, आणि तो गेलेला नव्हता, जाणार नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं. तो आता तिच्या आत राहायला आला होता. देवा, तिनं म्हटलं, आणि पुढे काय मागायचं ते तिला सुचलं नाही.

“आई,” गिरू म्हणाला. भूक लागली होती त्याला. भूक लागली की कोणाकडे मागायचं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं.

तिनं चमचा पुढे केला. त्यानं तोंड उघडलं. गिळताना त्याचा एवढासा गळा हलला. तिनं दुसरा भरला, तिसरा भरला. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं ते बोटानं निपटून परत आत घातलं. तिला वाटत होतं, त्यानं आता बघू नये. पंख्याकडे बघावं, भिंतीकडे बघावं, म्हणजे हे काम सोपं होईल. पण शेवटच्या घासापर्यंत तो तिच्याकडेच पाहत होता. तिनंच नजर खाली घातली, वाटीत किती उरलं ते बघायला.